तुमचे घड्याळ मागे आहे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि ओळीने चार हिवाळे एका अख्ख्या गावाने मला खोटारडा ठरवले होते. हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. आता माझे बरे चालले आहे. शेगडीजवळची उबदार जागा आहे, अंगावर दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची झूल आहे आणि मी काही बोललो तर ऐकून घेणारी माणसे आहेत. म्हातारपणी याहून जास्त काय हवे असते?

माझा जन्म दूर समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखीच शेकडो भावंडे उघड्या पोटाने पुढे सरकत होती. एका मुलीने माझ्या पोटात नाण्याएवढी चपटी बॅटरी दाबून बसवली आणि ती पुढच्याकडे वळली. मला ती बॅटरी दागिन्यासारखी वाटली होती. ती कशासाठी असते हे मला फार उशिरा कळले. वीज गेली तरी आज तारीख कोणती आणि वाजले किती, हे मला आठवत राहावे म्हणून ती असते. एवढ्याशा वस्तूपायी पुढे माझी अब्रू जाणार होती.

तरुणपणीची तीन वर्षे मी राजधानीत, बिश्केकच्या एका कचेरीत काढली. तिथे नवे संगणक आले आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला अनिपा एजेने उचलले. एजे म्हणजे ताई. ती नारीनच्या डोंगराळ भागातल्या आक-कुदुक गावची ग्रंथपाल. एका भाड्याच्या गाडीत, पिठाचे पोते आणि सफरचंदांचे खोके यांच्यामध्ये मला बसवून तिने घाटापलीकडे आणले. वाटेत गाडीने गचका खाल्ला की ती मागे वळून माझ्यावर हात ठेवायची. कचेरीत तीन वर्षांत कोणी माझ्यावर असा हात ठेवला नव्हता.

गावचे ग्रंथालय म्हणजे एकच खोली, पण ती माझ्यामुळे गजबजली. उत्तरेकडे कामाला गेलेल्या मुलांची पत्रे आणि फोटो माझ्यातून येत. शाळेचे निकाल माझ्यावर लागत. साबिरकुल बाइके ट्रॅक्टरचे सुटे भाग शोधायला यायचा. बाइके म्हणजे थोरला भाऊ. वयाने तो साऱ्या गावाचाच बाइके होता. पूर्वी तो गावच्या ट्रॅक्टरांची वीज-तारांची कामे करायचा, आणि ज्या वस्तूला वायर आहे ती आपल्याला कळते अशी त्याची पक्की समजूत होती. तळलेल्या कणकेचे बोरसोक खाऊन तुपकट हाताने कोणी माझ्या कळांना शिवला, तर अनिपा त्याला परत हात धुवायला पाठवायची. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त कोण येत असेल, तर झूराकान आपा. गावात म्हाताऱ्या बायकांना आपा म्हणतात. ही आपा शिर्दाक करायची. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, नमुना एकदाच कापायचा, मग काळ्यातला तुकडा लालमध्ये आणि लालमधला काळ्यात बसवून शिवायचा. असे ते गालिचे असतात आणि त्यांत लोकरीची एक चिंधी वाया जात नाही. तिच्या आईचे, आजीचे नमुने, मेंढ्याचे शिंग आणि तसले कितीतरी, तिच्याकडे कागदांवर होते. एका वर्षी उंदरांनी त्यांतले निम्मे खाल्ले. आपाने सबंध हिवाळा बसून आठवणीतून सगळे नमुने पुन्हा काढले, एकशे त्रेचाळीस. अनिपाने त्या प्रत्येकाचा फोटो काढला. माझ्या पोटात जागा नव्हती आणि माझ्या वयाचा भरवसाही नव्हता, म्हणून तिने ते सगळे ग्रंथालयाच्या ईमेलमध्ये जपून ठेवले. ईमेलला इथे सगळे नुसते पेटी म्हणतात. त्याच हिवाळ्यानंतर आपाचे डोळे अधू झाले, आणि जुने-नवे सगळे कागद उंदरांनी पुन्हा गाठले. आता ते नमुने त्या पेटीशिवाय जगात कुठेच नव्हते.

पेटीला पासवर्ड हवा होता. अनिपाने आपालाच विचारले, आणि आपाने आपल्या सात पिढ्यांची आद्याक्षरे दिली. तुमच्याकडे कोणी कोणाच्या सात पिढ्या काढल्या तर भांडण होते. आमच्या डोंगरांत अनोळखी माणूस दारात आला, की तू कोण, कुठला, तुझ्या सात पिढ्या सांग, असे विचारतात, आणि पाहुणाही त्या हौसेने सांगतो. पोरांना त्या पाढ्यांसारख्या पाठ करून घेतात.

माझेही काम त्याच जातीचे आहे, मित्रांनो. तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिता तेव्हा माझ्यातला ब्राउझर धावत त्याच्या दारी जातो आणि आधी त्याची ओळख विचारतो. संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते. त्यावर दुसऱ्या कोणाची सही असते, त्या दुसऱ्याच्या पत्रावर तिसऱ्याची. अशी ती साखळी माझ्या ओळखीच्या एखाद्या मूळ पुरुषापर्यंत पोहोचली, पत्राची मुदत शिल्लक असली, नाव जुळले, की मी गुपचूप दार उघडतो. काही खटकले की मी लाल पाटी लावतो आणि तिच्यावर बारीक अक्षरांत कारणही लिहितो. आता ते कारण वाचायचे की नाही, हे समोरच्या माणसाच्या हातात.

आणि मग ती नाण्याएवढी बॅटरी मेली.

हिवाळ्यात गावची वीज दिवसातून दोनदा तरी जाते. बॅटरी गेल्यापासून, वीज आली की मी जागा व्हायचो तो थेट माझ्या जन्मवर्षात. माझ्या लेखी तो दिवस १ जानेवारी २००७ असायचा. कोणत्याही संकेतस्थळाने ओळखपत्र पुढे केले की मी बघायचो, त्यावरची तारीख कितीतरी वर्षे पुढची. अजून जन्माला न आलेले पत्र हा कसा दाखवतो? मी इमानाने लाल पाटी लावायचो. बारीक अक्षरांत कारणही लिहायचो: तुमचे घड्याळ मागे आहे.

पहिल्यांदा ही पाटी लागली तेव्हा अनिपाने साबिरकुल बाइकेला बोलावले. त्याने चष्मा नाकावर चढवला, कारणाची ओळ वाचली आणि चटकन मनगट वर केले.

"माझं घड्याळ मागे? ह्या डब्यानं मला सांगावं?" तो म्हणाला. "रेडिओशी लावलंय मी सकाळी. झालंच तर पाच मिनिटं पुढेच आहे."

"मग असं का लिहितोय तो, बाइके?"

"म्हातारा झालाय. म्हातारं कुत्रं वाऱ्यावर पण भुंकतं."

त्याने पाटीच्या तळाशी एक बारीक ओळ हुडकून काढली, 'तरीही पुढे जा' अशी. ती दाबली आणि दार उघडले. बाइकेची कॉलर ताठ झाली. त्याने जाड कागदाची चिठ्ठी लिहिली, "लाल पाटी आली तर भिऊ नये. खालची बारीक ओळ दाबावी", आणि ती माझ्या काचेवर खालच्या उजव्या कोपऱ्यात डिंकाने चिकटवली. मित्रांनो, तारीख आणि वेळ मी त्याच कोपऱ्यात दाखवतो. माझे दुखणे जिथे लिहिलेले होते, नेमके तिथेच त्याने त्यावर इलाज म्हणून कागद डकवला.

माझ्या अंगात अँटिव्हायरस नावाचा एक पहारेकरीही होता. तारखेच्या घोळात त्याला नव्या चोरांची यादी मिळेना, म्हणून तो सारखा कुरकुर करायचा. बाइकेने त्याला झोपवून टाकले. "आता कसं शांत वाटतंय," तो म्हणाला.

मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. वीज गेली नसली तर मी दिवसभर शहाण्यासारखा वागायचो, पण गेली की पुन्हा तेच. शाळेतली पोरे लाल पाटी दिसली की ती वाचायच्या आत बोट खाली न्यायची. कोण आधी दाबतो याची त्यांची शर्यत लागायची. मी खरे बोलत होतो आणि तरी चुकत होतो. घड्याळ मागे होते, पण ते माझेच, आणि ते मला कुठे ठाऊक होते? आपल्या मनगटावरचे घड्याळ सगळ्यांनाच बरोबर वाटते. मलाही माझे वाटत होते.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो.

माघातल्यासारखी कडक थंडी होती. सकाळी वीज जाऊन परत आली होती. दुपारच्या चहाच्या वेळी खोलीत दोघीच होत्या. अनिपा माझ्यासमोर, आणि शेगडीशी आपा, मांडीवर नमद्याचा तुकडा घेऊन. डोळे अधू झाले तरी तिची बोटे शिवणीवरून चालत असायची. अनिपाने पेटी उघडली. घड्याळाची लाल पाटी आली, तिने सवयीने बारीक ओळ दाबली, पेटी उघडली. आत एक नवे पत्र होते.

"आपा," अनिपाचा आवाज बदलला. "पेटी भरलीय म्हणतात. आज संध्याकाळपर्यंत पासवर्ड देऊन खात्री करून द्यायची, नाहीतर आतलं सगळं पुसून टाकणार."

आपाची सुई थांबली. "सगळं म्हणजे?"

"तुमचे नमुने पण."

आपा काठी टेकत उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला तिचा श्वास काचेवर जाणवत होता. अनिपाने पत्रातला दुवा दाबला. माझा ब्राउझर धावत गेला आणि ओळखपत्र मागायच्या आधीच दारावरचे नाव त्याला खटकले. मी लाल पाटी लावली. ही पाटी घड्याळाची नव्हती. त्या दुपारी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा शब्द उच्चारत होतो.

अनिपाने बारीक ओळ दाबली.

तिला दोष कसा देऊ? चार हिवाळे तिने तेच केले होते आणि चार हिवाळे काहीही वाकडे झाले नव्हते. पान उघडले. ते पेटीच्या पानासारखे हुबेहूब होते, तोच रंग, तेच चिन्ह, पासवर्डसाठी तीच पांढरी चौकट. आपा मात्र अजून मघाच्याच पाटीत अडकली होती.

"आजच्या पाटीवर हात होता," ती म्हणाली.

"कसला हात?"

"पंजा. थांब म्हणतो तसा. रोजच्या पाटीवर गोल असतो, काटे असलेला. आज पंजा होता."

"आपा, लाल ती लालच. बाइकेनं लिहून ठेवलंय ना." अनिपाने बोट नेऊन वरच्या कोपऱ्यात दाखवले. "आणि हे बघा, कुलूप पण आहे. कुलूप असलं की जागा चांगली असते."

"चोर आत शिरला की तो पण आतून कडी लावतो."

आपा बरोबर बोलत होती. ते कुलूप एवढेच सांगते, की तुमचे बोलणे वाटेत तिसऱ्याच्या कानी पडणार नाही. ज्याच्याशी तुम्ही बोलता तो साव आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. पण अनिपा घाईत होती. तिने टाइप करायला सुरुवात केली. चौकटीत काळे ठिपके उमटू लागले. एक, दोन, तीन.

"काय लिहितेस?"

"तुमच्या सात पिढ्या, आपा. पासवर्ड तोच आहे की."

चार. पाच.

"ते विचारतंय आपल्याला?"

"हो."

"त्यानं आधी स्वतःच्या सांगितल्या?"

सहावा ठिपका पडला आणि अनिपाचे बोट हवेत राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दारात कोण आलाय, आपण का तो?" आपाने काठी जमिनीवर आपटली. "आल्यागेल्याला आपण विचारायचं, तू कुणाचा. हा दारात उभा राहून माझ्याच सात पिढ्या मागतोय, आणि तू सांगत बसलीस. ह्यानं सांगितलंय का हा कुणाचा?"

"आपा, संध्याकाळी सगळं पुसून टाकतील. एकशे त्रेचाळीस."

"नमुने कुणाचे आहेत?"

"तुमचे."

"मग मी सांगते, हात काढ."

अनिपा रडवेली झाली. "आणि गेले तर?"

आपाने हातातला नमदा मांडीवर पसरला. तिच्या त्या अधू डोळ्यांनी तो हिवाळा पुन्हा होणे नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. "गेले तर गेले," ती शेवटी म्हणाली. "पण जो घाई करतो आणि नाव सांगत नाही, त्याला मी आईचं शिंग देणार नाही. हात काढ, पोरी, आणि साबिरकुलला फोन लाव."

सातवे अक्षर पडले नाही. मला काळीज नाही, पण असते तर त्या वेळी ते ठिकाणावर आले असते.

साबिरकुल बाइके टोपीवरचा बर्फ झटकत आत आला. "काय झालं? पाटी का? बारीक ओळ दाबा म्हणून लिहिलंय की."

"आज तू ओळ दाबायची नाहीस," आपा म्हणाली. "मागे जा आणि त्या पंजावर काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं. शेवटपर्यंत."

बाइकेने मागे जाऊन पाटी पुन्हा आणली, चष्मा चढवला आणि पहिलीतल्या पोरासारखा वाचू लागला. "पुढे... फसवणूक करणारे ठिकाण आहे. हे ठिकाण... दुसऱ्याचे सोंग घेऊन तुमचा पासवर्ड काढून घेण्याचा प्रयत्न करू शकते." तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्याचे कान लाल झाले, आणि ते काही थंडीने नव्हे.

"वर बघ," आपा म्हणाली. "मला वाचता येत नाही ती लिपी, पण आकार दिसतात. पत्रात नाव एक आहे. इथे वर दुसरंच वेडंवाकडं काहीतरी आहे."

खरेच होते. वरच्या पट्टीत मी त्या ठिकाणाचे नाव मुद्दाम फोड करून, आकड्या-रेघांसकट लिहिले होते. नावात दोन लिप्यांची सरमिसळ दिसली की मी तसे करतो. बाइके पत्राकडे आणि पट्टीकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग त्याने मांडीवर थाप मारली.

"अर्धा चंद्र," तो म्हणाला. "पेटीच्या नावात अर्ध्या चंद्राचं अक्षर आहे. ते परक्या लिपीतलं, इंग्रजी सी. आपल्या सिरिलिक लिपीत पण डिट्टो तसलाच अर्धा चंद्र आहे, आपण त्याला स म्हणतो. ह्या चोरानं परकं काढून आपलं बसवलंय. डोळ्यांना सारखंच दिसतं."

"मग त्यात काय नवल आहे?" आपाने मांडीवरचा नमदा उचलून दाखवला. काळ्यात बसवलेले लाल शिंग. "आम्ही हेच करतो. आकार एक, नमदा दुसरा. कुठला कुठून आला ते उलटं करून बघितल्याशिवाय कळत नाही."

अनिपा माझ्याकडे एकटक बघत होती. "म्हणजे हा खरं बोलत होता."

"आज बोलला," बाइके पुटपुटला. "रोज थोडाच."

"रोजचं तू वाचलं होतंस का शेवटपर्यंत?" आपा म्हणाली.

"वाचलं की. तुमचे घड्याळ मागे आहे. माझं घड्याळ..." त्याने मनगट वर केले आणि ते तसेच राहिले. त्याचे डोळे सावकाश माझ्या काचेवर आले, खालच्या उजव्या कोपऱ्यात, स्वतःच्याच चिठ्ठीवर. अनिपाने नखाने चिठ्ठीचे टोक उचलले. डिंक चार वर्षांचा होता, कागद फाटत फाटत निघाला. त्याखाली माझी तारीख होती. १ जानेवारी २००७.

मग आपा हसायला लागली. ती इतकी हसली की तिला खोकला आला. "चार वर्षं स्वतःच्याच मनगटाकडे बघत बसला," ती म्हणाली. अनिपाही हसली आणि तिने डोळे पुसले. शेवटी बाइकेलाही हसावे लागले. त्याने माझ्या डोक्यावर हलकेच थोपटले. त्याच्याकडून माफी म्हणून तेवढे पुष्कळ होते.

माझे पोट उघडून त्याने ती मेलेली बॅटरी काढली. तसलीच बॅटरी त्याच्या मोटारीच्या किल्लीत होती. ती त्याने काढून माझ्यात बसवली. त्यानंतर महिनाभर त्याला गोठलेल्या कुलपात साधी किल्ली घालून, फुंकर मारमारून मोटार उघडावी लागली, पण त्याने कुरकुर केली नाही. मग माझी तारीख लावली. झोपलेल्या पहारेकऱ्याला उठवले. चार वर्षांच्या चोरांची यादी पाठ करायला त्याला बराच वेळ लागला.

अनिपाने पेटीचे नाव दुव्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने एकेक अक्षर लिहून उघडले. लाल पाटी आली नाही. "बाइके, पाटी का नाही आली?" ती घाबरून म्हणाली. "बिघडला वाटतं." मला काय वाटले म्हणून सांगू? माझ्या गप्प बसण्याचीही कोणाला सवय उरली नव्हती.

पेटी उघडली. ती भरलेली नव्हती, तिच्यात अजून पुष्कळ जागा होती. अनिपाने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. सात अक्षरांचा पासवर्ड तसाही तोकडाच, त्यात सहा ठिपके परक्या घरी पडलेले. नवा कोणता, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तरी आपा घरी गेली नाही. पत्रात संध्याकाळची मुदत होती ना. ती शेगडीशी बसून राहिली, अनिपाने तीनदा चहा केला, बाइकेने रेडिओ लावला आणि बंद केला. उन्हाची तिरीप पुस्तकांच्या फळीवरून सरकत सरकत दारापर्यंत गेली आणि सूर्य डोंगराआड मावळला. अनिपाने पेटी पुन्हा उघडली आणि नमुने मोजले. एकशे त्रेचाळीस. तिने पहिला मोठा करून काचभर केला. आपा नाक जवळजवळ काचेला टेकवून बघत राहिली. तिच्या आईचे मेंढ्याचे शिंग.

"आहे," ती म्हणाली. "बरं, मी जाते. गाय दोहायची राहिलीय."

त्या हिवाळ्यानंतर माझे दिवस पालटले. बाइके नवी चिठ्ठी लिहायला निघाला होता, पण आपाने अडवले. कपाळाला कागद चिकटवून कोणी शहाणे होत नाही, असे तिचे म्हणणे. पोरांची शर्यत मात्र बदलली. आता पाटी आली की ती कोण आधी शेवटपर्यंत वाचतो, यावर भांडणे होतात. एकदा एका मुलीसमोर एक पान उघडले आणि भडक अक्षरांत ओरडू लागले, की संगणकात तेरा विषाणू सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. मुलगी घाबरली. आपा शेगडीजवळूनच म्हणाली, "हा आपल्या म्हाताऱ्याचा आवाज नाही. आपला म्हातारा कारण सांगतो, फोन नंबर नाही देत. बंद कर." मुलीने बंद केले. मला इतका अभिमान वाटला की माझा पंखा जोरात फिरू लागला.

वसंतात ग्रंथालयात नवा, सडपातळ संगणक आला. मला वाटले, आता पुन्हा जिन्याखाली. पण इथे जिनाच नाही, आणि अनिपाने मला शेगडीजवळ हलवले. आपाने माझ्यासाठी झूल शिवली, काळी आणि लाल, आणि तिच्या एका कोपऱ्यात मुद्दाम दोन अर्धे चंद्र बसवले. ते दिसायला सारखेच आहेत. झूल उलटी केल्याशिवाय कळत नाही, कोणता कुठल्या नमद्याचा.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. आमच्यासारख्यांची धूळ पुसा, पोटातली नाण्याएवढी बॅटरी वेळेवर बदला, पहारेकऱ्याला झोपवू नका. आम्ही चुकतोही. आम्ही चुकलो असे वाटले तर का चुकलो ते शोधा, आमच्या तोंडावर कागद चिकटवू नका. आणि आम्ही लाल पाटी लावली तर तिच्यावरची बारीक अक्षरे शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आम्ही ती फार काळजीने लिहिलेली असतात.

परवा साबिरकुल बाइके ट्रॅक्टरच्या एका भागासाठी आला होता. नव्या संगणकापाशी रांग होती, म्हणून तो माझ्यासमोर बसला. एका ठिकाणी मी पाटी लावली. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला, पाटी सावकाश वाचली आणि मागच्या पानावर परतला. मग सवयीने माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले आणि नंतर मनगटाकडे. दोन्हींत पाच मिनिटांचा फरक होता. मग त्याने घड्याळाची किल्ली ओढली आणि आपले घड्याळ पाच मिनिटे मागे केले.